इंजेक्टर, सुकट आणि मामाचं नाक

आमच्या घरात देवाखालोखाल विश्वास होता तो जनामामाच्या नाकावर. आईचा हा थोरला भाऊ उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका गाळ्यात गाड्या दुरुस्त करायचा, आणि गाडी नीट उभी राहायच्या आत तिचं दुखणं वासावरून सांगतो अशी त्याची ख्याती होती. क्लच जळतोय, कूलंट गळतंय, ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय, सगळं नाकाने. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि मगच पाना हातात. गिऱ्हाईक आपलं त्याच्या तोंडाकडे बघत उभं. लहानपणी मी त्याची नक्कल करायचे. आईच्या आमटीवर वाकून डोळे मिटायचे आणि गंभीर आवाजात जाहीर करायचे, "गॅस्केट गेलंय." आई पळी उगारायची, पण मामा खूश व्हायचा. "ही वैशू आपलीच लाइन पकडनार बघ," म्हणायचा. आज बदलापूर रस्त्याला माझं स्वतःचं गॅरेज आहे, केस पांढरे झालेत आणि पोरं मला मॅडम म्हणतात, तेव्हा तो बोलला ते खोटं नव्हतं.

आमचं घर चिखलोलीत. आता तिथे उंच इमारती आल्यात, स्टेशन होणार म्हणून जो तो जागेचे भाव सांगत फिरतो. तेव्हा मात्र अंगणात उभं राहिलं की थेट डोंगर दिसायचा. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि दिवसा पंख्याखाली झोपलेले असायचे, म्हणून आमच्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात होत. वारा पडला की संध्याकाळी कंपन्यांचा वास घरात शिरायचा. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी गोडसर औषधासारखा. पाहुणे नाकाला रुमाल लावत आणि आम्ही शांतपणे भाकरी मोडत असू. वासाची इतकी सवय असलेली माणसं आम्ही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते अशाच गावात होऊ शकतं.

आई शाळेची व्हॅन चालवायची. आमच्या पट्ट्यात बाई व्हॅन चालवते हे तेव्हा नवलच होतं. बघे वळून बघत, आणि आई साडीचा पदर खोचून त्यांच्याकडे बघण्याऐवजी आरशात बघत असे. तिला गाडी शिकवली मामानेच, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. दुसरे भाऊ साडी देतात, माझ्या मामाने बहिणीला स्टेअरिंग दिलं. म्हणून व्हॅनचा साधा बल्ब गेला तरी ती कॅम्प दोनलाच जायची. वाटेत दहा गॅरेजं लागत, पण दुसऱ्याच्या हातात किल्ली देणं म्हणजे भावाच्या तोंडावर थुंकणं, असा तिचा हिशोब. मी बारावी करून बसले होते आणि व्हॅनची 'ताई' होते. मुलांना चढवायचं, उतरवायचं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्याच्या हातावर चापट मारायची. सकाळी घरोघरच्या आया आपली झोपाळू पोरं माझ्या हातात द्यायच्या आणि आईकडे बघून मान हलवायच्या. त्या मान हलवण्यावर आमचं सगळं चालायचं. एखाद्या मुलाच्या केसाला धक्का लागला असता तर ती मान पुन्हा हलली नसती, आणि आईला ते जन्मभर पुरलं असतं.

तर ही व्हॅन एकदा चढावर आचके द्यायला लागली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की ते उघडं पडतं, म्हणजे ड्रायव्हर खरं तर इंजिनावरच बसलेला असतो आणि मुलं त्याच्या पाठीमागे. ही आमची गाडी कार्बोरेटरवाली नव्हती, इंजेक्टरवाली होती. मामाचं सगळं आयुष्य कार्बोरेटरमध्ये गेलेलं. इंजेक्टर त्याला फारसे आवडत नसत. "सुई लावल्यासारका पेट्रोल घालतात, गाडी काय आजारी हाय?" असं म्हणायचा. पण बहिणीची गाडी, त्यामुळे एका रविवारी आमच्या अंगणातच त्याने काम काढलं. पेट्रोलची नळी जिला जोडलेली असते ती आडवी दांडी, म्हणजे रेल, त्याने सोडवली. तिच्यात खोचलेले बोटाएवढे तीन इंजेक्टर काढले आणि कार्बोरेटरचे भाग टाकायचा तसे सरळ रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवले, त्यांच्या रबरी रिंगांसकट. ब्रशने चकचकीत केले. मग परत बसवताना त्या जुन्याच रिंगांना त्याने शेलॅक लावलं. शेलॅक म्हणजे लाखेचं चिकट, तपकिरी औषध. मामाच्या पिढीचे मेकॅनिक दोन भाग जिथे भेटतात तिथे ते लावतातच. त्याशिवाय सांधा बंद झाला असं त्यांना वाटतच नाही. आईसुद्धा कुकरच्या रिंगला शेलॅक लाव म्हणेल, असं बाबा झोपेत म्हणाल्याचं मला आठवतं.

इंजिन सुरू झालं, आचके गेले. मामाने डोळे मिटले, वाकला आणि लांब श्वास घेतला. "काय नाय," म्हणाला. "फुलासारकी झाली." आम्ही सीट खाली केली आणि जेवायला बसलो.

सोमवारी मुलं व्हॅनमध्ये चढली आणि नाक दाबून बसली. चिन्मय नावाचा एक पहिलीतला भोचक मुलगा होता, तो म्हणाला, "ताई, पेट्रोल पंप आया क्या?" आईने खिडक्या उघडायला लावल्या आणि कंपन्यांना दोन शिव्या हासडल्या. आमच्याकडे कुठलाही वास आला तरी पहिला आळ कंपनीवर जातो. मंगळवारी वारा डोंगराकडून होता, हवा स्वच्छ होती, तरी व्हॅनमध्ये तोच वास. आईने मामाला फोन केला. तो बुधवारी सकाळी आला, सीट उचलून बघितलं; कुठे ओल नाही, डाग नाही. गरम इंजिनावर पेट्रोल पडतं आणि उडून जातं, डाग धरतच नाही, हे मला आज माहीत आहे. त्याने पुन्हा वास घेतला आणि म्हणाला, "हिरा, तुजे मनात भरलाय वास. चल, मी बसतो मागं."

आणि बसला की. पोरांच्या मधोमध, गुडघे जुळवून. गाडी सुरू झाली तशी मुलांनी एकामागून एक नाकं दाबली. चिन्मय तर तोंडाने श्वास घेत मामाकडे टक लावून बघायला लागला. मामाने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या शर्टाकडे. मग तो हळूच सरकून खिडकीला चिकटून बसला, हात अंगाशी आवळून, जणू आपला वास पोरांना लागू नये. "काल धुतलाय रे शर्ट," तो पुटपुटला. "आमचे कपड्यांना ऱ्हातोच थोडा."

मी आरशात आईचे डोळे बघितले. ती रस्त्याकडे नव्हे, मामाकडे बघत होती. मुलांना शाळेशी उतरवलं, आणि तिने गाडी थेट घराकडे वळवली.

घरी आल्यावर तिने मामाला ओटीवर पेपर दिला, आत जाऊन तवा ठेवला आणि त्यावर सुकट टाकली. सुकट म्हणजे सुकी कोळंबी. ज्याने ती भाजताना वास घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आमच्या शेजारी नवीन इमारतीत राहायला आलेल्या बाई आई सुकट भाजायला लागली की सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या. त्या दिवशी आई भाजतच राहिली. सुकट लाल झाली, तपकिरी झाली, काळी पडायला लागली. मी गॅसकडे हात नेला तर तिने माझा हात धरला. धूर ओटीपर्यंत गेला. पलीकडच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. पंख्याखाली झोपलेले बाबा उठून बसले आणि म्हणाले, "काय पेटवलं काय घर?" मामाने पेपरचं पान उलटलं. धुरामुळे डोळे चोळले आणि तिथूनच विचारलं, "हिरा, आज काय केलायस जेवायला?"

आईने गॅस बंद केला. पदराने डोळे पुसले, धुरामुळे नव्हे. मग ती ओटीवर जाऊन त्याच्या समोर जमिनीवर बसली.

"दादूस," ती म्हणाली, "तुना वास कवापासना येत नाय?"

मामा हसला. मग चिडला. मग म्हणाला की सर्दी झालीय. मग म्हणाला, बायकांनी मेकॅनिकला शिकवू नये. मग पेपरची घडी करायला लागला आणि ती त्याला जमेना. आई नुसती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी तो म्हणाला, "मना वाटला, पेट्रोलच बदललाय. आजकाल भेसल असते ना. त्याला पयल्यासारका वासच नसतो." हे तो खरंच मानत होता. वर्षानुवर्षं पेट्रोलने हात धुऊन, नळीला तोंड लावून ओढून त्याचं नाक केव्हा गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. सवयीने वाकायचा, सवयीने डोळे मिटायचा, आणि निदान करायचा ते कानाने आणि हाताने. म्हणूनच इतकी वर्षं चुकला नव्हता.

"दे गाडी दुसऱ्याकडं," तो उठत म्हणाला. "मी तुजे पोरांना जालला असता."

"दुसऱ्याकडं नाय देनार," आई म्हणाली. "बसवली तू, काढनार तू आनि परत बसवनार पन तूच. नाक वैशूचा लाव. आनि जवर वैशू नाय म्हनत नाय, तवर या गाडीत एक पोर चडनार नाय."

तिने किल्ली कमरेला खोचली. मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की भीती वाटायची राहून गेली. भीती नंतर वाटली. त्या दुपारी तिने मुलांना रिक्षाने घरी सोडलं आणि प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, गाडीत पेट्रोलचा वास येतोय, नीट झाल्याशिवाय मी तुमचं मूल बसवणार नाही. काही आयांनी मान हलवली. काहींनी दुसऱ्याच दिवशी अंबरनाथच्या एका व्हॅनवाल्याला विचारलं, आणि तो आमच्या घरावरून हॉर्न वाजवत जायला लागला. सोमवारी गाडी निघाली नाही तर राहिलेलीही जाणार हे उघड होतं.

शनिवारी मी मामाबरोबर कॅम्प दोनला गेले. परसराम सेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही नव्या रिंगा घेतल्या. मामाने सवयीने शेलॅकची डबी मागितली. मामाने असंच काम केलेल्या दुसऱ्या एका गाडीची जुनी रिंग नमुन्याला आणली होती; सेठने ती हातात घेऊन वाकवली. ती रॉकेलने फुगलेली आणि वरून शेलॅकने कडक, बोटात धरताच तडकली. "अरे जनाभाई," सेठ म्हणाला, "ये तो दबके सील होता है. चिपकाया तो दबेगा कैसे? मेरेको भी कंपनीवाले ने दो बार समझाया तब घुसा." मामाने डबी परत काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "नाय तर नाय," आणि खिशात रिंगांची पुडी टाकली.

रविवारी सकाळी अंगणात पुन्हा सीट उचलली. आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं; ते थोडा वेळ चाललं आणि गुदमरून बंद पडलं, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीची वायर सोडली. रेल काढताना मामा मला म्हणाला, "नाक लाव." मी लावलं. मधल्या इंजेक्टरशी वास उग्र होता. "इथे," मी म्हटलं. त्याने तो इंजेक्टर उपसला आणि वरच्या रिंगला चीर गेलेली निघाली. माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली, त्या आयांसारखी.

शेलॅक खरवडून काढायला निम्मी सकाळ गेली. लोखंड लावायचं नाही, चरा पडला तर तिथून पुन्हा गळणार. म्हणून मी बांबूची काडी तासून घेतली आणि फडक्याने रेलची तोंडं पुसत बसले. मामाने इंजेक्टर पुसून स्वच्छ पेपरवर ओळीने ठेवले. नव्या रिंगा चढवल्या. बोट इंजिन ऑइलमध्ये बुडवून प्रत्येक रिंगवरून फिरवलं, काजळाचं बोट फिरवावं तेवढंच. आधी इंजेक्टर रेलमध्ये, सरळ दाबत, किंचित फिरवत; मग अख्खी रेल तिन्ही इंजेक्टरांसकट इंजिनावर. "एकाच बाजूला दाबू नको," तो सांगत होता, "दोन्ही हातांनी, सारका." बोल्ट हाताने लावले, मग पान्याने थोडा हा, थोडा तो. वायरचे कपलर टक् आवाज येईपर्यंत खोचले. बॅटरी जोडली, फ्यूज घातला.

"चावी फिरव. सेल्फ मारू नको," मामा म्हणाला. आईने चावी फिरवली. मागे टाकीत पंप घूं करून थांबला. मी वाकले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. लहानपणची नक्कल, पण या वेळी कोणी हसत नव्हतं.

वास होता.

"आधीचा ऱ्हायला असेल," मामा म्हणाला. "आता सांडला ना काढताना."

दुपार व्हायला आली होती. त्याचे गुडघे दुखत होते, मला दिसत होतं. त्याला हो म्हणणं किती सोपं होतं. मी फडकं घेतलं, सगळं कोरडं पुसलं, पुठ्ठ्याने वारा घातला, आईला पुन्हा चावी फिरवायला लावली आणि पुन्हा वाकले. "आहे," मी म्हटलं. "टोकाच्या इंजेक्टरला आहे."

"नाय गं, मी सोता बसवलाय तो!"

"मामा, आहे म्हणजे आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो पाना आपटून उठला, विहिरीपर्यंत गेला, तिथे पाठ करून उभा राहिला. आई सीटजवळ होती, तिने मला डोळ्यांनी गप्प केलं. मग तो परत आला, खाली बसला, फ्यूज काढला आणि सगळं पहिल्यापासून सोडवायला लागला. टोकाची रिंग बसताना दुमडून चेपली गेली होती. त्याने ती उजेडात धरली. "खरा हाय तुजा," म्हणाला. सेठने एक जास्तीची दिली होती, ती त्याने मला दिली. "आता तू बसव."

मी बसवली. माझ्या हाताखाली इंजेक्टर हळू आत गेला आणि जागेवर बसल्याचं बोटांना कळलं. तो क्षण मी नंतर शेकडो गाड्यांवर अनुभवला आहे, पण पहिला तो पहिलाच. पुन्हा चावी, पुन्हा घूं. मी एकेका सांध्याशी नाक नेलं. ऑइलचा वास आला, तापलेल्या रबराचा आला, मामाच्या घामाचा आला, आणि घरातून आईने सकाळी करून ठेवलेल्या भाकऱ्यांचा आला. पेट्रोलचा आला नाही. आईने आणखी एकदा चावी फिरवली, मी आणखी एकदा वाकले. "नाही," मी म्हटलं. मग सेल्फ मारला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि तापून बंद करेपर्यंत मी तिथून नाक हलवलं नाही.

सोमवारी सकाळी राहिलेली मुलं आली. चिन्मयही आला. तो आत चढला, नाकपुड्या फुगवून चारी दिशांना हुंगला आणि म्हणाला, "ताई, पंप बंद हो गया." मामा त्या दिवशीही मागे बसला होता. तो पोरांच्या मधोमध, पाय पसरून बसला, आणि चिन्मय शाळा येईपर्यंत त्याच्या अंगावर रेलून झोपला. पंधरवड्यात अंबरनाथच्या व्हॅनकडे गेलेली दोन घरं परत आली. पुढे मी मामाकडे काम शिकायला जायला लागले आणि कॅम्प दोनच्या गाळ्यातून एकही गाडी मी वाकून वास घेतल्याशिवाय बाहेर पडली नाही. गिऱ्हाइकांसमोर मामा मोठ्याने म्हणायचा, "वैशू, नाक लाव," आणि कोणी विचारलं तर सरळ सांगायचा, "माजा गेलाय." त्याला असं सरळ सांगायला किती जड गेलं असेल, याचा हिशोब मला आता, माझ्या डोळ्यांना जाड चष्मा लागल्यावर कळतो.

पण त्या सोमवारचीच एक गोष्ट राहिली. मुलांना सोडून आम्ही घरी आलो. आई आत गेली, मी आणि मामा पायरीवर बसलो. तो हाताची काळी रेषा नखाने काढत होता. मग एकदम म्हणाला, "वैशू, कसा असतो गं?"

"काय?"

"पेट्रोलचा वास. मना आठवत नाय."

उग्र म्हटलं तर सगळंच उग्र असतं. मी म्हटलं, "मी लहान होते तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचास ना, मामा? मी तुझ्या मानेत तोंड खुपसून झोपायचे. तेव्हा तुझ्या शर्टाला यायचा, तो."

मामाने आपली बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. आईने जेवायला हाक मारली तरी त्याने बाही खाली केली नव्हती.